रविवारचा फोन

ऋचाने बाबाच्या हातातली मोठी बॅग ओढून घेतली आणि एस-बानच्या डब्यात आदळली. मदत म्हणून मुळीच नव्हे. त्याचा दुसरा हात तिच्या खांद्यावर होता आणि तो हात झटकायला तिला काहीतरी निमित्त हवं होतं.

चौदा महिन्यांनी हा माणूस हॅम्बर्गला परतला होता. ध्रुवाकडच्या कुठल्याशा बेटावर बर्फ मोजणारी यंत्रं सांभाळायला गेला, दाढी वाढवून आला, आणि विमानतळावर पहिलं वाक्य काय, तर "केवढी उंच झालीस गं." होणारच ना! बाप घरी नाही म्हणून पोरगी वाढायची थांबते थोडीच?

खिडकीशी समोरासमोर बसल्यावर बाबाने चौकशा सुरू केल्या. शाळा कशी चाललीय, पोहायला जातेस का, ती गल्लीतली बेकरी अजून आहे का. ऋचा मुद्दाम जर्मनमध्ये एकेका शब्दात उत्तरं देत होती. गूट. या. गेनाऊ. म्हणजे बरी, हो, अगदी. आणि प्रत्येक उत्तरानंतर तो तिच्या तोंडाकडे बघत थांबायचा, मगच पुढचं विचारायचा. चारपाच वेळा असं झाल्यावर तिचं डोकं फिरलं.

"असा काय थांबतोस? समोर बसलेय मी. फोनवर नाहीये."

बाबा ओशाळला. म्हणाला, तिथल्या संशोधन केंद्रावरच्या त्या उपग्रहाच्या फोनवर शब्द उशिरा पोचायचे, मध्येच बोललं की दोघांचंही बोलणं तुटायचं, म्हणून थांबायची सवयच लागून गेली.

हे काय तिला माहीत नव्हतं? दर रविवारी पंधरा मिनिटं तोच फोन कानाला लावून ती आईच्या शेजारी सोफ्यावर बसत होती. आम्ही मजेत आहोत, गणितात चांगले मार्क पडले, काल थालीपीठं केली. हसून हसून गाल दुखायचे तिचे.

ओल्सडॉर्फ स्टेशनवर गाडीला मागून दुसरे डबे जोडतात, तोवर ती तिथे उभी राहते. डब्यात एकदम शांत झालं. बाबाने खिडकीबाहेर बघत विचारलं, "शुभाची तब्येत बरी आहे ना?"

आईबद्दल, अगदी सहज. बाहेर पाऊस आहे का विचारावं तसं. ऋचाला वाटलं, आता गप्प बसले तर मी फुटेन. आईने शपथ घातली होती, बाबाला सांगू नकोस, तिकडे एकटा आहे, मार्चपर्यंत विमान उतरत नाही, उगाच जिवाला घोर लावून घेईल. आपल्याकडे असंच असतं म्हणे, लांबच्या माणसाला वाईट कळवायचं नाही. आणि जवळच्या माणसाचं काय?

तिने सांगायला सुरुवात केली, आणि मराठीतच. नोव्हेंबरात आईच्या छातीत गाठ निघाली. हॉस्पिटलमधल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना इंग्रजीचा कंटाळा, आणि आईचं होतं तेवढं इंग्रजीही भीतीने पळालेलं. मग बाई ऋचाकडे वळून म्हणाल्या, तू किती छान जर्मन बोलतेस, तूच सांग आईला. मराठीत कसं सांगायचं तेही तिला कळत नव्हतं. ती म्हणाली, आई, गाठ वाईट आहे. आईने तिचाच हात थोपटला. ऑपरेशनच्या आधीचे कागद तिनेच वाचून दाखवले, भूल दिल्यावर काय काय होऊ शकतं, त्यातलं मरण्याचं वाक्य गाळून. मग सहा आठवडे किरणांचे उपचार. शाळा सुटली की धावत तिकडे.

तिचं बोलून झालं. बाबा तसाच थांबला, आणि त्या थांबण्यात तिच्या तोंडून आणखी एक निघालं, जे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मला रोज वाटायचं, आई गेली तर ते तुला फोनवर मलाच सांगावं लागणार."

बाबाने दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"गाठीचं. शुभाने त्याच आठवड्यात सांगितलं मला, तू शाळेत असताना. शेवटचं विमान तोवर गेलं होतं. ती म्हणाली, तुम्हाला कळलंय हे पोरीला कळू देऊ नका. रविवारी तरी तिला घटकाभर आजारपण विसरू द्या."

गाडी हलली. म्हणजे ऋचा बाबासाठी हसत होती, बाबा तिच्यासाठी हसत होता, आणि मध्ये आई बसून दोघांना हसवत होती. कसली माणसं आहेत ही! गळा दाबावासा वाटला तिला, पण नेमका कुणाचा ते कळेना.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. आईच. ऋचाने स्पीकरचं बटण दाबून तो बाबासमोर धरला, आणि त्यानेच हॅलो केलं. आईचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जाईल असा, दमलेला पण खुशीतला. पोचलात का, पुरण झालंय, पोळ्या लाटायला घेते. मग हळूच,

"अहो, तिला काही बोलला नाहीत ना?"

बाबाने ऋचाकडे पाहिलं. "नाही गं, काही..." एवढं सवयीने त्याच्या तोंडून गेलं, आणि पुढे त्याला बोलताच येईना.

ऋचाने मोबाईल आपल्या कानाला लावला. पलीकडे पोळपाट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, आणि आईचं धापा टाकणं.

"ऋचा? बाळा, सगळं ठीक ना?"

"नाही, आई," ती म्हणाली. "काहीच ठीक नाहीये. लाटणं खाली ठेव आणि खुर्ची घेऊन बस. आम्ही दोघं येतोय."