एकोणतीसवरचा फोन

दुपारी तीनला रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्राच्या संगणक खोलीत फोन वाजला आणि निलंबित केबिनमास्तरची फेरचाचणी सुरू झाली. पास झाला तर सिग्नलची केबिन परत मिळणार होती. नापास झाला तर नोकरी गेली.

चाचणी म्हणजे मुळात एक खेळ, बाजारात मुलं विकत घेतात तोच. पडद्यावर रूळ, सिग्नल आणि सरकणाऱ्या गाड्या. खेळात ड्रायव्हरचे निरोप लिहून येतात. केंद्राने त्याऐवजी खरा फोन जोडला आहे. शेजारच्या खोलीतून एक कर्मचारी ड्रायव्हर बनून बोलतो. हे काम केबिनमास्तरचा थोरला मेहुणा करतो.

धाकटा मेहुणा खराच ड्रायव्हर होता. गेल्या वर्षी एकोणचाळीस नंबरचा सिग्नल बिघडला, तेव्हा तिथल्या गाड्या केबिनमास्तर फोनवरून पुढे सोडत होता. धाकट्याचा फोन आला तो एकोणतीसवरून. आकडा ‘दोन नऊ’ असा सुटा सांगायचा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा, असा नियम आहे. घरचाच माणूस, म्हणून दोघांनीही तो पाळला नाही. केबिनमास्तरने ‘एकोण’ एवढंच ऐकलं, एकोणचाळीस धरलं आणि ‘ये’ म्हणाला. एकोणतीसच्या पुढे मालगाडी उभी होती. धाकटा इंजिनातच गेला.

“मेहुण्याबद्दल हरकत असेल तर दुसरी तारीख देतो,” परीक्षकाने आधी विचारलं होतं. “पण ती पुढच्या वर्षीची.” केबिनमास्तरने हरकत घेतली नाही. त्याच्या बायकोनेही सकाळी भावाकडे शब्द टाकला होता.

“दादा, यांना सांभाळून घे.”

“घेतो की.”

केबिनमास्तरने रिसीव्हर उचलला.

“दाजी, एकोणतीसवर उभाय.”

आवाज धाकट्याचा होता. हुबेहूब, शेवटचं अक्षर ओढण्यासकट.

केबिनमास्तरने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला. “आकडा सुटा सांगा.”

“दोन नऊ. आता बरं सुचतंय, दाजी.”

“दोन नऊ, एकोणतीस. थांबा.”

परीक्षक उठून शेजारच्या दाराशी गेला. “अहो, हे चाचणीत बसतं का?”

“ड्रायव्हर काहीही बोलतो, साहेब. उद्या खरा एखादा आईवरून शिव्या देईल, तेव्हा काय हे रडत बसणार?”

“तेही खरंच,” परीक्षक म्हणाला आणि जागेवर येऊन बसला.

फोन उचलला नाही तर गुण कापतात. केबिनमास्तर प्रत्येक वेळी उचलत राहिला.

“किती थांबू, दाजी? ताईने पान वाढलं असेल.”

“थांबा.”

“पुढे काय आहे?”

“मालगाडी.”

“आज दिसतेय ना नीट?”

“दिसतेय. थांबा.”

पडद्यावरची मालगाडी निघून गेली. मार्ग मोकळा झाला, पण एकोणतीस लालच राहिला. बिघाड. आजचा प्रसंग मेहुण्यानेच निवडला होता. आता गाडी फोनवरून सोडायला हवी होती.

“दोन नऊ, एकोणतीस,” केबिनमास्तर म्हणाला. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. “मार्ग मोकळा आहे. लाल सिग्नल ओलांडून या. परत म्हणा.”

ड्रायव्हरने हे परत म्हटल्याशिवाय गाडी सुटली असं धरत नाहीत. ती हलवण्याचं बटणही शेजारच्या खोलीतच आहे, आणि चारपर्यंत ती हलली नाही तर केबिनमास्तर नापास.

पलीकडून काही आलं नाही.

“दोन नऊ. परत म्हणा.”

श्वास तेवढा ऐकू येत होता.

“परत म्हण ना, छोट्या.”

“कोण छोट्या?” थोरल्याने स्वतःच्या आवाजात विचारलं. “इथे त्या नावाचं कोणी नाही.”

परीक्षकाने एक गुण कापला.

केबिनमास्तरने परवानगी पुन्हा पहिल्यापासून म्हटली, शब्द न चुकता. मग आणखी एकदा. शेजारच्या खोलीतून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, पण फोन ठेवल्याचा आला नाही.

चारच्या सुमारास गाडी एकोणतीसवरच उभी होती. परीक्षकाने घड्याळ थांबवलेलं नव्हतं.