वरच्या छिद्रातले पेन

मी एक जुने सॉकेट आहे, मित्रांनो. बैठकीच्या खोलीत, फरशीपासून वीतभर उंचीवर माझी जागा आहे. घरात मला सॉकेट असे कोणी म्हणत नाही, 'खालचा पॉइंट' म्हणतात. मला तीन छिद्रे आहेत, वर एक मोठे आणि खाली दोन लहान. खालच्या उजव्या छिद्रामागे वीज उभी असते. ती रागीट नाही आणि दयाळूही नाही. वाट मिळाली की ती जाते, एवढेच तिला कळते. जन्मभर तिला चिकटून राहिलो, तरी मला तिची भीती वाटते.

मला भिंतीत बसवताना वायरमन म्हणाला होता, "खालच्या दोन भोकांना आतून झडपा आहेत. प्लगची वरची पिन लांब असते, ती आधी आत जाऊन झडपा सरकवते. नुसतं खालून काही घालायला गेलं तर जाणार नाही." त्या झडपांचा मला अभिमान होता. इस्त्री, पंखा, शिलाई मशीन, सगळे माझ्यावर चालले. पण मोठ्या माणसांपैकी कोणी मला कधी समोरून पाहिले नाही. पाहिले ते चिमणीने, घरातल्या तान्ह्या मुलीने. ती रांगू लागली आणि तिचे तोंड बरोबर माझ्या उंचीवर आले.

एका रविवारी तिचे बाबा स्वतः गुडघ्यांवर रांगत घरभर फिरले. फिनेल वरच्या फळीवर गेले, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लागला, स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटाला आतून प्लास्टिकची कडी बसली. चिमणीच्या आजोबांना सगळे अण्णा म्हणतात. ते वैतागले.

"चहाचा डबा काढायला आता मला तुझी परवानगी लागते."

"अण्णा, दोन बोटांनी दाबायचं आणि ओढायचं. सोपं आहे."

"तिला जमेल तोवर मलाही जमेल."

बाकीच्या पॉइंटना झाकणे लागली. माझ्यापाशी येऊन बाबा म्हणाले, "ह्याला झडपा आहेत, ह्याची काळजी नाही."

पण मित्रांनो, बाबांच्या मोबाइलचा चार्जर दोन पिनांचा होता. तो माझ्यात जाईना. मग ते रोज सकाळी खिशातले पेन काढत, माझ्या वरच्या छिद्रात खुपसत, झडपा उघडल्या की चार्जर आत दाबत. शेजारी चटईवर चिमणी बसलेली असे. ती नुसती बघत असे. पुढे तिने खेळण्यातला खडू बाटलीच्या तोंडात घालून पाहिला, मग चपलेच्या भोकात. घरच्यांना गंमत वाटली. मला मात्र माझे वरचे छिद्र आठवले.

एका सकाळी चिमणीची आई कामावर गेली होती. बाबांनी चार्जर काढला, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. ते उठले. माझे बटण चालू राहिले आणि पेन फरशीवर राहिले.

चिमणीने ते उचलले. पहिल्यांदा ते घसरले. दुसऱ्यांदा बरोबर वरच्या छिद्रात बसले. झडपा सरकल्या. समोर कोण आहे ते मला दिसत होते, पण पेनाला नाही म्हणणे माझ्या घडणीत नाही. मग तिने मूठ उघडली. मुठीत आईची केसांची पिन होती.

खुर्चीतल्या अण्णांनी वर्तमानपत्र खाली केले.

"चिमणे, नको. इकडे ये बाळा."

ती वळली नाही. अण्णांना खुर्चीतून उठायला दोन्ही हात आणि एक मिनिट लागते. तेवढा वेळ नव्हता. त्यांच्या काठीचे टोक थरथरत पुढे आले आणि भिंतीवर आपटले. पिन माझ्या तोंडाशी आली होती. काठी पुन्हा उचलली गेली. बटण टक्कन वाजले आणि मागोमाग पिन उजव्या छिद्रात शिरली.

वीज नव्हती. काहीच झाले नाही म्हणून चिमणी हिरमुसली.

बाबा धावत आले. त्यांनी पिन काढून खिशात टाकली.

"हिला हे शिकवलं कोणी?"

अण्णांची काठी अजून बटणावरच होती. "रोज सकाळी कोण शिकवतं?"

चिमणीने पेन ओढून काढले आणि पुढे केले. "बाबा," ती म्हणाली. ते कोणाचे आहे हे तिला ठाऊक होते.

त्याच दिवशी तीन पिनांचा चार्जर आला. आता काम झाले की माझे बटण बंद होते, मला झाकणही मिळाले. तरी माझी भीती गेलेली नाही. परवा चिमणीने स्वयंपाकघरातल्या कपाटाची एक कडी दोन बोटांनी दाबली आणि ओढली. अण्णांना ती अजून जमत नाही.

म्हणून एवढेच मागतो, मित्रांनो. कड्या लावा, झाकणे लावा. पण माझ्यासमोर वाकण्याआधी एकदा मागे वळून पाहा. चटईवरून कोणीतरी बघत असेल.