रेडिओकाकांचा नवा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि चार्जिंगची वायर काढली की थोड्याच वेळात माझे डोळे मिटू लागतात. तरीही एका छोट्या सलूनमध्ये, आरशासमोरच्या फळीवर, कंगवे आणि पावडरच्या डब्याशेजारी माझी जागा राखलेली असते.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले, मला खोक्यात झोपवले. पुढे एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मला घेतले. तिच्या परीक्षांपुरते माझे फार कौतुक झाले. मग तिला नोकरी लागली, लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटात, जुन्या स्वेटरांखाली झाली.

तिचे वडील सलून चालवत. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. कात्री चालू झाली की जीभही चालू. गिऱ्हाइके त्यांना रेडिओकाका म्हणत. केस वाढलेले नसले तरी काहीजण नुसते ऐकायला येऊन बसत.

अशा माणसाच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावे लागले. जीव वाचला, आवाज गेला.

घरी आल्यावर काका खिडकीकडे पाठ करून बसू लागले. सलूनचे शटर उघडेना. कुणी भेटायला आले की ते झोपेचे सोंग घेत. जेवणाचे ताट जसेच्या तसे परत जाई. शेवटी रुग्णालयातल्या समुपदेशक बाई लेकीला म्हणाल्या, "आवाज गेला तरी बोलायचं ते आत साठतच असतं. त्यांना लिहू द्या. मनात येईल ते, येईल तसं. शुद्धलेखन बघत बसू नका."

लेकीने मला कपाटातून काढले, पुसले आणि लिहिलेले वाचून दाखवण्याची सोय माझ्यात घातली. "बाबा, इथे लिहायचं. हे बटण दाबलं की हा बोलतो." काकांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पण एका दुपारी, घरात सामसूम असताना, त्यांनी मला उचलले. एका बोटाने अक्षरे शोधत त्यांनी लिहिले, "मी ठीक आहे." लगेच पुसले. नंतर लिहिले, "मला आता नकोसं झालंय. सकाळी उठूच नये असं वाटतं." तेही पुसायला गेले, तो चुकून शेजारचे बटण दाबले गेले. माझा सपाट, बाईचा आवाज घरभर ऐकू गेला.

स्वयंपाकघरात भाजी चिरण्याचा आवाज थांबला. काकू ओले हात पुसत बाहेर आल्या. काकांनी मला पालथे घातले होते. काकूंनी मला सरळ करून त्यांच्या मांडीवर ठेवले.

"कधीपासून आहे हे मनात?"

काकांनी मान फिरवली.

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली ना." काकू त्यांच्याजवळ बसल्या. "लिहा. काय असेल ते लिहा. मी कुठे जात नाही. भाजी काय, उद्याही होईल."

काका लिहीत राहिले, काकू ओळ न् ओळ वाचत राहिल्या. शेवटी काकांनी लिहिले, "तू सही केलीस म्हणून मी आहे." ते वाचून काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघे रुग्णालयात गेले, मी पिशवीत होतो. डॉक्टरांनी औषध सुरू केले. समुपदेशक बाई दर आठवड्याला माझ्या पडद्यावर भेटू लागल्या. त्या बोलत, काका लिहीत. एरवीही काका सकाळी थोडे लिहीत. सगळे दिवस चांगले नव्हते. एखाद्या दिवशी "आज नको" एवढेच लिहिले जाई. पण तेवढेही ते काकूंना दाखवत. मला त्यांचे हेच फार मोठे वाटते.

मग एके दिवशी शटर वर गेले. पहिलेच गिऱ्हाईक माझा आवाज ऐकून म्हणाले, "काका, आवाज भलताच मंजूळ झाला की हो." काकांनी कात्री ठेवली, टकटक लिहिले, आणि मी म्हणालो, "घशाचं काम करून घेतलं. मापाचा भाग मिळाला नाही, म्हणून बाईचा बसवला." सलून हसून हसून बेजार झाले. प्रत्येक विनोदासाठी कात्री थांबे, केस कापायला दुप्पट वेळ लागे. कुणी तक्रार केली नाही.

एकदा नेहमीचा हसरा बँक कॅशियर खुर्चीत बसला आणि आरशात स्वतःकडेही पाहीना. काकांनी लिहिले, "काय झालं?"

"सांगता येत नाही, काका," तो म्हणाला.

काकांनी माझा आवाज बंद केला आणि मला त्याच्या हातात दिले. डोक्याचे केस अर्धे कापलेले, तसाच तो लिहीत बसला. काकांनी ते वाचले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली लिहिले, "समुपदेशक बाईंकडे जाऊ. मी येतो बरोबर." उरलेले केस कापून झाल्यावर दोघे खरोखरच गेले. त्याने काय लिहिले होते, ते मी तुम्हांला सांगणार नाही. ते त्याचे आहे.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला ओळ वाचून दाखवता येते, खांद्यावर हात ठेवता येत नाही. ते काम तुमचे. मनात काही साचले तर लिहा आणि एका तरी माणसाला दाखवा. आणि घरात कुणी गप्प गप्प झाले असेल, तर त्याला लिहायला काहीतरी द्या, हातातले काम बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. वाचायची घाई मात्र करू नका.