बरणीवरचे दोन शब्द

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. आज माझ्या पोटात सुटी बटणं आणि एक बिनटोकाची पेन्सिल आहे. पण म्हणून मला ऐरीगैरी समजू नका. एके काळी औषधांच्या दुकानात वरच्या फळीवर माझा थाट होता.

दुकानदारांना सगळे 'औषधवाले काका' म्हणत. माझ्यात ते गांजाचा वाळलेला पाला ठेवत. तेव्हा तो औषध म्हणून चालत असे. कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं, की काका शिडीवर चढून मला अलगद उतरवत आणि छोट्या तराजूत चिमूटभर पाला तोलून पुडी बांधत. माझ्या अंगावर त्यांनी निळ्या रंगाने लिहिलं होतं : 'जपून द्या'. त्याच अक्षरांवर बोट फिरवत त्यांची लेक वाचायला शिकली. त्या इवल्याशा बोटाची ऊब मी विसरलेली नाही.

एकदा एक धडधाकट तरुण आला. "काका, मजा म्हणून द्या ना थोडा!"

"मजा हवी तर बाकावर बस. मी गप्पा मारायला येतो," काका म्हणाले. स्वारी तोंड पाडून निघून गेली.

मग बंदी आली. काकांनी मला रिकामं केलं, धुतलं आणि सुरीने अक्षरं खरवडायला घेतली. 'द्या' निघालं. 'जपून'पाशी त्यांचा हात थांबला. "एवढं राहू दे," ते पुटपुटले. मला फार वाईट वाटलं.

पुढे काका गेले, दुकानही गेलं. लेकीने मला स्वयंपाकघरात आणलं. आता तिचे केस पांढरे झालेत, हाडांच्या दुखण्याने तिला उठवत नाही आणि गोळ्यांचा गुण येत नाही. त्यात गांजाला परवानगी द्यावी की नाही, हा वाद पुन्हा पेटलाय. आमच्या टेबलावरही तोच.

तिची थोरली मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. "येऊन बघ एकदा," ती भावावर कडाडली. "गांजा ओढलेली कोवळी पोरं, कानात आवाज येतात म्हणून थरथरत बसतात. परवानगीचं दार उघडलं की आवरणार कोण?"

"आणि आईचं कण्हणं ऐकू येत नाही तुला?" धाकटा म्हणाला. "ज्यांना नशा करायचीय ते कोपऱ्यावर घेतातच. अडतं ते आईसारख्यांचं!"

"आजोबांनीच लिहिलंय बघ. जपून!"

"म्हणजे जपून ठेवा! कामाची वस्तू होती म्हणून!"

आईने मला मांडीवर ओढलं. खरवडलेल्या जागेवर तिचं बोट फिरलं. तेच बोट, आता वाकडं झालेलं.

"इथे 'द्या' होतं," ती म्हणाली. "जपून द्या. हिने 'जपून' उचललं, ह्याने न वाचताच 'द्या' उचललं. बाबांचे दोन शब्द तुम्ही वाटून घेतलेत, आणि मी राहिले मधल्या मध्ये."

थोरली उठून आईची पाठ चोळू लागली. धाकट्याने शेकायला पाणी तापत ठेवलं.

मित्रांनो, माझ्यात पुन्हा पाला येईल की बटणंच राहतील, ते तुम्ही मोठी माणसं झालात की ठरवा. मी काय, बोलून चालून बरणी. पण ठरवताना कुणाचं तरी दुखतंय, एवढं विसरू नका. माझा गेलेला शब्द पुन्हा लिहावासा वाटला, तर जरूर लिहा. फक्त त्यासाठी पहिला खोडू नका.