हरलेल्या प्रती

दोन महिने मी रोज दुपारी माझंच लिखाण शोधत होते.

बर्फाच्या नद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे भाषांतराला आलं होतं. सकाळी आठला मी लॅपटॉप घेऊन गॅलरीत बसायचे आणि दहानंतर आतल्या खोलीत, डेस्कटॉपवर. दोन्हीकडे एकच मजकूर राहावा म्हणून मध्ये बॅकअपची एक डिस्क जोडलेली. तिचा नियम सरळ होता: ज्या प्रतीवरची वेळ नंतरची, ती खरी, तीच दोन्हीकडे जायची.

लिहिता लिहिता मी त्या बर्फात शिरायचे. निळसर भेगा, खोल कुठेतरी वाहणारं पाणी, बाकी चिडीचूप. बाराला उठायचे तेव्हा पाय खरोखर गार पडलेले असायचे. जेवून परत येऊन बघावं, तर सकाळची शेवटची पानं गायब. वाटायचं, डुलकी लागली असेल. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तशी पानं मी स्वप्नातच लिहिली असतील. मग तीच पुन्हा लिहायचे, आणि ती अगदी अळणी उतरायची.

हळूहळू मला माझ्याच डोक्याची शंका यायला लागली. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती मलाच ताई म्हणायची. "साठी, बुद्धी नाठी," असं हे मला येता-जाता चिडवायचे. हल्ली चिडवणं बंद केलं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. शेवटी मी प्रकाशकांना पत्र लिहिलं, की काम परत घ्या. ते पाठवायच्या आधीच ह्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात.

"माझं डोकं तपासायला आणलंय का ह्याला?" मी फणकारले.

"डोकं माझ्या खात्यात येत नाही, काकू," म्हणत डॉक्टर डिस्क उघडून बसला.

अर्ध्या तासाने त्याने हाक मारली. डिस्क काहीच फेकत नाही म्हणे; हरलेल्या प्रती बाजूला ठेवते. तिथे माझी सगळी पानं होती. मी उभ्या उभ्या वाचत सुटले. भेगा, पाणी, शांतता. सगळं मीच लिहिलेलं, चांगली जागी असताना. जीव भांड्यात पडला आणि मी त्या परक्या माणसासमोर खुशाल रडले.

"लॅपटॉपचं घड्याळ पाच तास पुढे आहे," डॉक्टर म्हणाला. "तुमचं सकाळी नऊचं लिखाण डिस्कला दुपारी दोनचं वाटतं. मग डेस्कटॉपवरचं बाराचं बिचारं जुनं ठरून बाद! पण घड्याळ असं आपोआप सरकत नाही हो. कुणीतरी मुद्दाम सरकवलंय."

पाच तास. आमची लेक दोन महिन्यांपूर्वी जिथे राहायला गेली, तिथलं घड्याळ आपल्यापुढे पाच तास आहे. ती गेली तो दिवस मला आठवत होता. घड्याळाला हात लावल्याचं मात्र काही केल्या आठवेना. मी खूप आठवून पाहिलं.

"मी लावलं ते," हे दारातून म्हणाले. "पोरीला फोन कधी करायचा ते कळावं म्हणून."

"काका, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" डॉक्टर हसला आणि घड्याळ नीट करून गेला.

ह्यांना लॅपटॉप नुसता सुरू करायचा झाला तरी मला हाक मारावी लागते. मी लॅपटॉप ह्यांच्यापुढे सरकवला.

"कसं लावलंत हो घड्याळ? मला दाखवा ना."

हे कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

"विसरलो गं," हे म्हणाले. "वय झालं माझं."