लाल सारसाबद्दल कुइयिंगचं मत

भुयारातल्या त्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये गरम पाण्याच्या पिंपाशेजारी एक फळा टांगलेला होता. बॅटीला नवं रबर लावलं की आठवडाभर खेळायचं आणि मग त्या फळ्यावर खडूने आपलं मत लिहायचं, अशी तिथली रीत. मतं बावीस असोत की पन्नास, सगळ्यांत वरचं मत मियाओ कुइयिंगचं. बाई चौसष्ट वर्षांची, सूतगिरणीतून निवृत्त झालेली, शाळेत गेली ती तीनच वर्षं. पण रबर पारखायचं तर ह्वांगशी शहरातल्या भल्याभल्यांनी बॅट आधी तिच्या हातात द्यायची. ती अंगठ्याने दाबून बघायची, नाकाशी नेऊन हुंगायची, मग चेंडू रबरावर दाबायची आणि बॅट उलटी करून तो पडेपर्यंत आकडे मोजायची. दहाच्या पुढे गेला तर पकड आहे. चाराच्या आत पडला तर म्हणायची, "याच्या चपला शिवून घे."

महिन्यापूर्वी तिने 'लाल सारस' या नव्या रबरासमोर लिहिलं होतं: उत्तम, दुसरं बघू नका. खाली बाकीच्यांनी एकाखाली एक ओढलं होतं: ताई म्हणतात तेच.

लाल सारस तिच्या मुलाच्या, चुनशेंगच्या कारखान्यातलं.

चूक साधीच झाली होती आणि ती कुइयिंगसारखीने करायला नको होती. बॅटीवर चिकटवून आणलेलं रबर ती कधी तपासतच नसे. सुटं आण, टेबलावर टाक. कडा वर वळल्या तर समजायचं, तेल पाजलंय. तेल प्यायलेलं रबर पंधरा-वीस दिवस नव्या नवरदेवासारखं मिरवतं, मग सुकतं, आखडतं आणि मरतं. हे हॉलमधल्या प्रत्येकाला तिनेच शिकवलेलं. पण चुनशेंग बॅट घेऊन आला तो रबर चिकटवूनच, आणि पोटच्या पोराला 'सोलून दाखव' म्हणायला तिची जीभ वळली नाही. पुढे त्याने सगळ्यांच्या बॅटी पोत्यात भरून नेल्या, "काका, मावशी, तुम्ही कशाला त्रास घेता, मी चिकटवून आणतो," म्हणाला. सुटं रबर कुणाच्या नजरेलाच पडलं नाही. वर पाकिटावर त्याने आईचा फोटो छापला. फोटोत ती हसत होती. एरवी ती फोटोत कधी हसत नसे.

तीन दिवसांपूर्वी घरी बॅट पुसताना तिला कडेचं लाकूड दिसलं. नखभर उघडं पडलं होतं, रबर आखडलं होतं. चेंडू दाबून बघितला. एक, दोन. पडला.

नाश्त्याला तिने बॅट त्याच्या वाडग्याशेजारी ठेवली.

"काय पाजलंस रे याला?"

चुनशेंगच्या काड्या शेवयांतच थांबल्या. "सगळेच पाजतात, आई."

"सगळे माझ्या पोटचे नाहीत."

"हॉलमधली स्पर्धा होईपर्यंत गप्प राहा. तीन शहरांतले क्लबवाले बघायला येणार आहेत. पुढच्या खेपेला मी मिश्रण सुधारतो. आत्ता तू उलटं बोललीस तर कारखान्याला कुलूप. आणि माझ्याकडे बारा बायका कामाला आहेत, तुझ्याच गिरणीतल्या. त्यांना तूच सांग मग."

त्या बारा जणींना तिनेच त्याच्या दारात नेऊन उभं केलं होतं. तिने वाडगा उचलला आणि शेवया गार होईपर्यंत ढवळत बसली.

तेव्हापासून रोज सकाळी ती भुयाराच्या पायऱ्या उतरायची आणि जाड लोखंडी दार मागे लागलं की वाटायचं, आता हे उघडायचं नाही. आत तर आणखी वाईट. बॅट कुणाचीच चालत नव्हती, आणि रबराला दोष कुणीच देत नव्हतं. दुआन म्हातारा गुडघ्यांना शिव्या घालत होता. कुणी चष्म्याचा नंबर वाढला म्हणे, कुणी भुयारातली दमट हवा म्हणे. फळ्यावर ताईंचं मत होतं ना, मग रबर वाईट कसं असेल?

स्पर्धेला सहा दिवस उरले होते तेव्हा फेंगचिन आली. एकतीस वर्षं दुहेरीत कुइयिंगची जोडीदारीण. तिने बॅट टॉवेलात गुंडाळून आणली आणि कुइयिंगच्या मांडीवर ठेवली.

"ही ठेव तुझ्याकडे. स्पर्धेतून माझं नाव काढ."

"का? बॅटीला वास येतो का?"

"थट्टा नको ग. माझा हात गेला. चेंडूला फिरकीच बसत नाही. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, आधी सुई धरता येईना, मग चमचा. मी लेकीला फोन केला. सोमवारी ती न्यायला येतेय, कायमची. खोलीसुद्धा सोडली मी."

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

"मग काय झालंय?"

कुइयिंग मांडीवरच्या टॉवेलाची घडी सारखी करू लागली. पलीकडून दुआन ओरडला, "अहो ताई, बोला की! गावाला मत देता, तिला का नाही?"

चार-दोन माणसं हसली. कुइयिंगला फळा दिसत होता, त्यावरचं आपलं वेडंवाकडं अक्षर, आणि त्याखाली टेकू दिल्यासारखी उभी बावीस नावं. इकडे बोलावं तर बारा बायका, न बोलावं तर ही एक.

ती उठली. कपाटातून आपली जुनी बॅट काढली, लाल सारसाच्या आधीची, अजून टाकून न दिलेली. फेंगचिनच्या हातात कोंबली.

"कर सर्व्हिस. दुआनला."

"मला नाही जमणार."

"एकतीस वर्षं माझं ऐकलंस, एकदा आणखी ऐक."

फेंगचिनने चेंडू उडवला. दुआनने आरामात बॅट पुढे केली आणि चेंडू त्याच्या बॅटीवरून सटकून थेट बाजूच्या टेबलावर गेला. दुसरा त्याच्या पोटावर आदळला.

"ए बाई, मारतेस का काय!"

हॉलमधले बाकीचे चेंडू एकेक करून थांबले. फेंगचिनने बॅट उलटीपालटी करून बघितली. मग कुइयिंगकडे न बघता विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तीन दिवस."

"तीन दिवस मी बोटं ताणून बघतेय, थरथरतात का."

 कुइयिंगने टॉवेलाची गुंडाळी सोडली, फेंगचिनच्या बॅटीवरचं लाल सारस नखाने कडेपासून सोलून काढलं आणि टेबलावर टाकलं. तेल सुकून सपाट पडलेलं, आखडलेलं, वाळलेल्या पापडासारखं. सगळ्यांनी वाकून बघितलं. सांगायची गरज पडली नाही. ती फळ्याशी गेली आणि बाहीने आपली ओळ पुसली.

त्याच वेळी लोखंडी दार कुरकुरलं. चुनशेंग स्पर्धेचे लाल सदरे घेऊन उतरत होता, पाठीवर सारस छापलेले. टेबलावरचं रबर बघून तो शेवटच्या पायरीवरच थांबला.

"आई, काय केलंस हे?"

"तू केलंस ते सोलून दाखवलं. ऐका सगळे, आपापलं जुनं रबर शोधा. आज चिकटवलंत तर स्पर्धेपर्यंत हात बसेल."

"आणि तुम्ही?" दुआनने विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"माझं थोबाड पाकिटावर आहे. मी याच्यानेच खेळणार."

"पहिल्याच फेरीत हरशील, आई."

"हरेन. तू पुढच्या रांगेत बसायचंस. ते तीन शहरांतले पाहुणे शेजारी बसव. माझा चेंडू नेटमध्ये गेला की दर वेळी त्यांना सांगायचं, ही माझी आई."

"आणि त्या बारा जणी?"

"त्यांना आजच संध्याकाळी मी सांगते. तू माझ्यामागे उभा राहायचंस. मान खाली घालून."

चुनशेंगच्या हातातले सदरे कुणी घेईना. शेवटी फेंगचिन पुढे झाली, तिने एक उचलला आणि आपल्या मापाचा आहे का बघू लागली.

"तू कशाला घेतेस?" कुइयिंग म्हणाली. "तू लेकीकडे चाललीस ना?"

"आधी तुझ्याबरोबर हरते, मग बघू. बोलत मात्र नाही मी तुझ्याशी."

"नको बोलूस."

दोघी टेबलाच्या एकाच बाजूला उभ्या राहिल्या. फेंगचिनच्या हातात जुनी बॅट, कुइयिंगच्या हातात मेलेली. समोरून दुआनने सर्व्हिस केली. पहिला चेंडू कुइयिंगचा होता. तो नेटमध्ये गेला.