एका मंत्राचा धनी

मी जादूगार बोलतोय. हसू नका. आज माझा अवतार म्हणजे वाटाण्याएवढा शिशाचा गोळा, डेल्मरच्या गळाच्या दोरीला वजन म्हणून बांधलेला. पण एके काळी मला दाढी होती, काठी होती, निळा झगा होता आणि खिशात वटवाघळाची लेंडी होती. लेंडीचं कारण पुढं येईल.

माझा जन्म व्हर्लिनच्या गॅरेजात झाला. व्हर्लिन प्लंबर. जुन्या घरांतून निघालेले शिशाचे नळ तो घरी आणायचा, एका काळ्याकुट्ट भांड्यात वितळवायचा आणि रबरी साच्यात ओतून बोटाएवढे पुतळे पाडायचा. योद्धे, चोर, राक्षस, जे लागेल ते. माझ्या वेळी शिसं कमी पडलं. टोपीचं टोक आलंच नाही, काठी वाकडी निघाली. व्हर्लिननं मला उलटसुलट करून पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला. "जादूगारच तर आहे. कितीसा टिकणार!"

हे ऐकत जगात येणं काही सुखाचं नव्हतं.

आमच्या विस्कॉन्सिनात सरोवर गोठलं आणि शेतं बर्फाखाली गेली, की रविवारी चर्च आणि जेवण उरकून मंडळी व्हर्लिनच्या तळघरात जमायची. व्हर्लिन पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्ट सांगायचा. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचे आणि आपण काय करतो ते सांगायचे. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. आम्ही पुतळे टेबलावर उभे राहून कोण कुठं आहे ते दाखवायचो. पात्र मेलं की त्याचा पुतळा परत त्या काळ्या भांड्यात, आणि त्याच्या शिशाची गळासाठी वजनं. शिसं फुकट घालवायचं नाही, हा व्हर्लिनचा धर्म.

मी आलो अर्लीसच्या वाट्याला. अर्लीस ही व्हर्लिनची धाकटी बहीण, चीजच्या कारखान्यात पॅकिंगला होती. खाटिक डेल्मरला योद्धा हवा होता, पोस्टमन ऑर्विनला चोर. जादूगार कुणालाच नको होता. अर्लीसनं मात्र तो मागून घेतला. तिच्या घरी जादूगारांच्या कादंबऱ्यांनी कपाट भरलं होतं ना! तिनं नेलपॉलिशनं माझा झगा रंगवला आणि आठवडाभर मला त्याच कपाटात, पुस्तकांपुढं उभं केलं.

तिथं माझी माझ्या थोर भाऊबंदांशी ओळख झाली. काय एकेकाचा थाट! मुखपृष्ठावर वीज हातात धरून उभे. अर्लीस जेवताना मोठ्यानं वाचायची, त्यामुळे मला सगळं कळायचं. पुस्तकातला जादूगार कोड्यात बोलतो, कामाच्या वेळी नेमका गायब असतो आणि शेवटच्या प्रकरणात डोंगरावरून उगवतो. तरी सगळे त्याचेच पाय धरतात. बाबा रे, आज तुझ्याकडे किती मंत्र शिल्लक आहेत, असं त्याला कुणी विचारत नाही. तो राजांना दटावतो आणि तलवारही चालवतो.

आणि मी? मला तलवार मनाई, चिलखत मनाई. का, तर नियम. जीवाचे गुण अवघे तीन, ते संपले की मेलो. डेल्मर म्हणायचा, "अर्लीस, तुझ्या म्हाताऱ्याला मांजरानं ओरबाडलं तरी सुतक येईल गं आपल्याला!" दिवसाला मंत्र एकच, तोही सकाळी शाळकरी पोरासारखा घोकायचा. एकदा म्हटला की डोक्यातून साफ पुसला जायचा. परीक्षा झाली की पोरं पाठांतर विसरतात, तसं. दुसऱ्या सकाळपर्यंत आमची पाटी कोरी.

"हे कसलं गं बाई!" पहिल्याच रविवारी अर्लीस वैतागली होती. "इतका विद्वान माणूस, आणि स्वतः म्हटलेला मंत्र विसरतो?"

"नियम आहे," आडोशामागून व्हर्लिन म्हणाला.

"झालं ना तुझं काम?" डेल्मर म्हणाला. "आता मागं हो आणि दिवा धर."

दिवा धरणं, हे माझं आयुष्य झालं. पुढं डेल्मरचा योद्धा आणि ऑर्विनचा चोर पराक्रम करणार, मागं मी मशाल घेऊन उभा. सकाळी कुठला मंत्र घोकायचा, हेसुद्धा ते दोघे चीजचे तुकडे चघळत ठरवायचे. मी म्हणजे सगळ्यांच्या मालकीची शिडी. लागली की काढायची, नाहीतर भिंतीला टेकवून ठेवायची.

अर्लीसचे माझ्याआधीचे सगळे जादूगार भांड्यात गेले होते. एकाला कोळ्यानं खाल्लं, एक जिन्यावरून घसरला. मला तिनं असं जपलं, की सांगायची सोय नाही. ती मला आमचं सामान वाहणाऱ्या खेचरामागे दडवायची. दार वाजलं तर टेबलाखाली घालायची. पळायची वेळ आली, तर सगळ्यांत आधी मी. पुस्तकातल्या भाऊबंदांनी पाहिलं असतं तर तोंड लपवलं असतं. पण मी जगलो. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. आमच्यात इयत्ता असतात. कुंथत, लपत मी वरच्या इयत्तेत गेलो आणि तिसऱ्या हिवाळ्यात मला आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळाला.

त्या दिवशी अर्लीसनं केक आणला होता.

आता लेंडी. आगीच्या मंत्राला वटवाघळाची लेंडी आणि गंधक लागतं, असा नियम आहे. व्हर्लिन काही सोडणारा नव्हता. "लेंडी आहे का जवळ?" तो दर वेळी विचारायचा, आणि अर्लीस बिचारी गंभीरपणे म्हणायची, "आहे. डाव्या खिशात." पुस्तकांतल्या कुठल्या महर्षीवर ही पाळी आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या आगीत आणखी एक खोड होती. पुस्तकातली आग माणसं ओळखते, शत्रूला जाळते, मित्राच्या केसाला धक्का लावत नाही. आमची आग आंधळी. मोकळ्या मैदानात ठीक, पण अरुंद जागेत टाकली तर जागा मिळेल तिकडं पसरते आणि टाकणाऱ्यालाही भाजून काढते.

आणि नेमकी अरुंद जागाच नशिबात आली.

हिवाळा संपत आला होता. आम्ही एका भुयारातून पळत होतो. ऑर्विनचा चोर जबर जखमी, त्याला डेल्मरच्या योद्ध्यानं खांद्यावर घेतलेलं. मागं राक्षस. त्यांच्या जखमा आपोआप भरून यायच्या, आगीखेरीज ते कशाला भीत नसत. व्हर्लिननं त्यांचे पुतळे एकेक घर पुढं सरकवले.

"टाक की आग!" डेल्मर ओरडला.

"इथं टाकली तर आपण सगळेच भाजून निघू," अर्लीस म्हणाली. "तुम्ही चला. वळणापलीकडे गेलात की टाकते."

"आणि तू?"

"मी मागंच तर असते नेहमी."

मग डेल्मरला कळलं. तीन हिवाळे माझी टिंगल करणारा तो धिप्पाड माणूस लाल झाला. "वेडी आहेस का? इतकं जपलंस त्याला! चोराला खाली ठेवतो, मी थांबतो."

"तू थांबून काय करणार? ते परत उठतील. आणि ऑर्विनला कोण नेईल? मला तर तो उचलायचाही नाही."

"अर्लीस," ऑर्विन हळूच म्हणाला, "मला राहू दे तिथंच. माझा चोर काय, दुसरा करीन."

"गप रे. चला म्हणते ना!"

दोघांचे पुतळे वळणापलीकडे गेले. मी एकटा उरलो. राक्षस अगदी समोर. मला पळायचं होतं, खरं सांगतो. पळण्यात माझा हात कुणी धरला नसता.

"लेंडी?" व्हर्लिननं विचारलं.

"डाव्या खिशात," अर्लीस म्हणाली. "टाकते."

भुयार आगीनं भरलं. राक्षस संपले. आता माझा प्रश्न उरला. "सोळाच्या वर पडलं तर वाचेल," व्हर्लिन म्हणाला. आपला फासा तो आडोशामागे टाकायचा, तिथं खोटं बोलता आलं असतं. पण हा फासा अर्लीसचा, सगळ्यांच्या देखत पडायचा. तिनं तो मुठीत घेतला. हात इतका थरथरत होता, की टाकायच्या आधीच एकदा सांडला. मग तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि टाकला.

पाच.

"टेबल हललं!" डेल्मर उठलाच. "माझा गुडघा लागला. पुन्हा टाक."

"मीही पाहिलं," ऑर्विन म्हणाला. तो तर छताकडे बघत होता.

व्हर्लिननं बहिणीकडे पाहिलं. नियमाचा तो एवढा पक्का, पण त्या क्षणी ती नुसतं हो म्हणाली असती तर त्यानं मानलं असतं.

"टेबल हललं नाही," अर्लीस म्हणाली.

"पुस्तकात असता तर परत आला असता," व्हर्लिन पुटपुटला.

"म्हणून तर पुस्तकातल्यांसाठी माझा हात कधी थरथरला नाही." तिनं मला उचललं, टोपीवरून अंगठा फिरवला आणि भावाच्या तळहातावर ठेवलं. मग ती रडली. उगाच लपवलं नाही.

मला भांड्यात टाकताना डेल्मरनं डोक्यावरची टोपी काढली होती. माझी वजनं झाली आणि मी त्याच्या गळाच्या डब्यात आलो. त्यानं मागूनच घेतलं.

आता हिवाळ्यात मी गोठलेल्या सरोवरावरच्या त्याच्या लाकडी खोपटात असतो. बर्फाला भोक पाडून मंडळी गळ टाकून बसतात, मासे लागत नाहीत, आणि मग माझी गोष्ट निघते. दर वेळी राक्षस वाढतात. मागच्या खेपेला मी हवेत तरंगत होतो आणि हातात वीज होती. झगा तर पांढराशुभ्र झालाय. मशाल, खेचर, लेंडी, सगळं गळालं. मला कपाटातल्या भाऊबंदांच्या रांगेत नेऊन बसवलंय त्यांनी. प्रेमानंच, पण बसवलंय. अर्लीस कॉफी घेऊन येते, ऐकते आणि कप भरत राहते. तिचा नवा जादूगार सध्या पहिल्या इयत्तेत आहे, दिवा धरतो.

मला जे व्हायचं होतं ते मी आता झालोय, आणि खरं सांगू, मला ते आवडत नाही. तुम्ही कधी त्या खोपटात गेलात आणि डेल्मर रंगात आला, तर राक्षस हवे तेवढे वाढवू द्या. वीजही असू द्या. फक्त शेवटी तो म्हणतो, "वाचला असता हो, पण टेबल हललं." तेवढं मात्र ऐकून घेऊ नका. त्याला सांगा, तिचा हात थरथरत होता. टेबल हललं नव्हतं.